रक्ताची साधी तपासणी आणि घशाच्या कर्करोगाचे भवितव्य

१. गाठ घशात, तपासणी रक्ताची

गाठ घशात असताना हातातून काढलेल्या रक्तावरून तिच्याविषयी काय कळणार, असा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांना पडतो, आणि अलीकडे त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारला जातो: रक्ताच्या अहवालातील दोन आकड्यांचा भागाकार केला की रुग्ण किती काळ जगेल हे समजते, असे जे वाचनात येते ते खरे आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की या तपासणीतून गाठीविषयी थेट फारसे कळत नाही, परंतु ती गाठ ज्या शरीरात वाढते आहे त्या शरीराच्या स्थितीविषयी बरेच काही कळते. दुसऱ्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर दिले तर दोन्हीकडून दिशाभूल होते, म्हणून त्याची उकल टप्प्याटप्प्याने करावी लागेल.

घशाच्या कर्करोगात प्रामुख्याने तीन जागा येतात: स्वरतंतू जिथे असतात ते स्वरयंत्र, जिभेचे मूळ व टॉन्सिल यांचा समावेश असलेला मुखग्रसनीचा भाग, आणि स्वरयंत्राच्या मागे, अन्ननलिका सुरू होण्यापूर्वी येणारी अधोग्रसनी. तिन्ही ठिकाणचे बहुतेक कर्करोग आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींत उगम पावतात आणि तंबाखू व मद्य ही त्यांची मुख्य कारणे आहेत, तरी त्यांचे भवितव्य सारखे नसते. स्वरतंतूवर लहानशी गाठ आली तरी आवाज घोगरा होतो, त्यामुळे ती लवकर लक्षात येते, आणि स्वरतंतूंत लसिकावाहिन्यांचे जाळे विरळ असल्याने ती लवकर पसरतही नाही. याउलट अधोग्रसनीत गाठ बरीच वाढेपर्यंत त्रास जाणवत नाही आणि पुष्कळदा मानेत आलेली गाठ हेच पहिले लक्षण ठरते. मुखग्रसनीच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. एचपीव्ही या विषाणूमुळे झालेला कर्करोग उपचारांना अधिक चांगला प्रतिसाद देतो. अमेरिकेत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतर अशा रुग्णांपैकी ८२.४ टक्के हयात होते, तर विषाणूशी संबंध नसलेल्या रुग्णांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. भारतात मुखग्रसनीच्या कर्करोगांत विषाणूचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आणि तंबाखूचा जास्त आहे.

आजार पुढे कोणते वळण घेईल याच्या अंदाजाला पूर्वानुमान म्हणतात. ते आजवर मुख्यतः गाठीचा आकार व खोली, मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत झालेला प्रसार आणि दूरच्या अवयवांतील प्रसार या तीन गोष्टींवरून, म्हणजे आजाराच्या टप्प्यावरून केले जाते. परंतु एकाच टप्प्यावरच्या, एकाच वयाच्या आणि एकच उपचार घेतलेल्या दोन रुग्णांपैकी एक बरा होतो आणि दुसऱ्याचा आजार वर्षभरात उलटतो, हा अनुभव प्रत्येक कर्करोग रुग्णालयात येतो. हा फरक कशामुळे पडतो याचा शोध घेताना संशोधकांची नजर प्रत्येक रुग्णाच्या फाईलमध्ये आधीपासूनच असलेल्या एका स्वस्त कागदाकडे वळली.

२. सीबीसीच्या कागदावर काय असते

रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीला सर्वत्र सीबीसी म्हणतात. जांभळ्या टोपणाच्या छोट्या नळीत घेतलेल्या रक्तातील पेशी यंत्र मोजते. या मोजणीमागचे तत्त्व, म्हणजे बारीक छिद्रातून जाणारी प्रत्येक पेशी विजेच्या प्रवाहात क्षणभर अडथळा आणते आणि तो अडथळा मोजता येतो हे तत्त्व, वॉलेस कोल्टर या अमेरिकी संशोधकाच्या नावे १९५३ साली पेटंट झाले. पांढऱ्या पेशींचे प्रकार रंग देऊन वेगळे ओळखण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. पॉल एर्लिख यांनी जर्मनीत १८७९ च्या सुमारास ती पुढे आणली.

या अहवालातील सहा आकडे प्रस्तुत विषयासाठी पुरेसे आहेत. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य असून जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषांत ते दर डेसिलिटरमागे १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या दर मायक्रोलिटरमागे साधारण ४,००० ते ११,००० असते. त्यांतील बहुसंख्य न्यूट्रोफिल असतात. जंतुसंसर्ग झाला की त्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या या पेशी आहेत. लिम्फोसाइट या पेशी परक्या किंवा बिघडलेल्या पेशींना ओळखतात, लक्षात ठेवतात आणि मारतात. मोनोसाइट संख्येने थोड्या असतात, परंतु ऊतींमध्ये शिरून तेथे त्यांचे रूप पालटते. याशिवाय रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट असतात, ज्यांची संख्या दीड ते साडेचार लाख असते.

अहवालात न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट टक्क्यांत दिलेले असतात, आणि नुसते टक्के फसवे असतात. एकूण पांढऱ्या पेशी ९,६०० असून त्यांत न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या अनुक्रमे ६,९१२ आणि १,७२८ होते. ही प्रत्यक्ष संख्या काढून पाहणे हे पुढच्या सर्व विवेचनाचे पहिले पाऊल आहे.

३. गाठीचा रक्तावर परिणाम का होतो

कर्करोगाच्या गाठीत पांढऱ्या पेशी आढळतात हे रुडॉल्फ फिर्शो यांनी १८६३ साली नोंदवले होते आणि जुनाट दाहाच्या जागी कर्करोग उद्भवतो असा तर्कही मांडला होता. दाह म्हणजे इजा किंवा संसर्ग झाल्यावर शरीराने दिलेला प्रतिसाद, ज्यात सूज, उष्णता आणि पेशींची धावपळ असते. फिर्शो यांचा तर्क दीर्घकाळ बाजूला पडला होता. डग्लस हॅनहॅन आणि रॉबर्ट वाइनबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी कर्करोगाच्या मूलभूत लक्षणांची जी यादी २००० साली मांडली होती तिच्यात दाह नव्हता. २०११ च्या सुधारित मांडणीत त्यांनी गाठीला पोसणारा दाह आणि प्रतिकारशक्तीच्या माऱ्यातून निसटण्याची गाठीची क्षमता या दोन्हींना स्थान दिले. रक्तातील आकड्यांमागचे जीवशास्त्र बहुतांशी या दोन गोष्टींत सामावलेले आहे.

न्यूट्रोफिलपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण सर्वाधिक आश्चर्य त्यांच्याविषयीच वाटते. अस्थिमज्जा रोज सुमारे १०,००० कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि रक्तात त्या अल्पकाळच राहतात, म्हणजे त्यांची संख्या काही तासांत बदलू शकते. गाठीतील पेशी आणि गाठीभोवतीच्या पेशी काही संदेशद्रव्ये सोडतात, ज्यांतील काही थेट अस्थिमज्जेला न्यूट्रोफिलचे उत्पादन वाढवण्याचा आदेश देतात. जंतूंशी लढण्यासाठी बनलेल्या या पेशी गाठीत पोहोचल्या की त्यांतील अनेक तिला उपयोगी पडतात: त्या नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारी द्रव्ये सोडतात, भोवतालचे संयोजी जाळे विरघळवणारी विकरे सोडून गाठीला पसरण्याची वाट मोकळी करतात, आणि लिम्फोसाइटचे काम दडपतात. २००४ साली बर्लिनमधील संशोधकांनी दाखवले की न्यूट्रोफिल स्वतःचे डीएनए बाहेर फेकून त्याच्या धाग्यांत जंतूंना अडकवतात; पुढे असेही दिसले की रक्तात भटकणाऱ्या कर्करोगाच्या पेशी याच धाग्यांत अडकून नव्या जागी रुजू शकतात. सर्वच न्यूट्रोफिल गाठीला मदत करतात असे नाही, काही तिच्याविरुद्धही काम करतात, परंतु रक्तातील वाढलेली संख्या बहुधा वाढलेल्या दाहाचीच खूण असते.

लिम्फोसाइटची बाजू याच्या उलट आहे. कर्करोगाच्या पेशीला ओळखून मारण्याची क्षमता असलेल्या पेशी याच गटातल्या आहेत आणि गाठीत त्यांची दाटी असेल तर आजाराचा मार्ग पुष्कळदा बरा असतो. शरीरावर दीर्घकाळ ताण असला की कॉर्टिसॉल या संप्रेरकामुळे रक्तातील लिम्फोसाइट घटतात, आणि कुपोषणानेही घटतात. घशाच्या कर्करोगात हा दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे, कारण गिळताना दुखत असल्याने रुग्ण आधी भाकरी सोडतो, मग भात, मग केवळ पातळ पदार्थांवर राहतो, आणि निदान होईपर्यंत त्याचे वजन लक्षणीय घटलेले असते. जपानमधील ओनोडेरा यांनी १९८४ साली पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मांडलेला पोषण-निर्देशांक याच जाणिवेतून आला होता. त्यात रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या आकड्याची दहापट आणि लिम्फोसाइटच्या संख्येची ०.००५ पट यांची बेरीज करतात. अल्ब्युमिन ३.४ आणि लिम्फोसाइट १,२०० असतील तर ३४ आणि ६ मिळून ४० होतात. हा निर्देशांक आज घशाच्या कर्करोगातही अभ्यासला जातो.

मोनोसाइट गाठीत शिरून भक्षक पेशींत रूपांतरित होतात आणि गाठीच्या प्रभावाखाली तिच्या वाढीला पोषक बनतात. प्लेटलेटचा कर्करोगाशी असलेला संबंध आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याने १८६५ साली वर्णिलेल्या, कर्करोगासोबत शिरांत रक्त गोठण्याच्या विकारापर्यंत मागे जातो. गाठीतून निघणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या द्रव्यामुळे यकृत प्लेटलेट वाढवणारे संप्रेरक अधिक बनवते, आणि वाढलेल्या प्लेटलेट रक्तात शिरलेल्या कर्करोगपेशींना चिकटून त्यांना प्रतिकारपेशींच्या नजरेआड ठेवतात. तेच इंटरल्यूकिन-६ यकृताकडून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढवते, ज्यामुळे शरीरातील लोह साठ्यात अडकून पडते आणि लोह असूनही हिमोग्लोबिन घसरते. अहवालातले हे आकडे वेगवेगळ्या ओळींत छापलेले असले तरी त्यांच्यामागे पुष्कळदा एकच दाह असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अनेक निर्देशांक एकाच दिशेला बोट का दाखवतात याचा उलगडा होतो.

४. भागाकार कसा करतात

एक आकडा वाढतो आणि दुसरा घटतो, तेव्हा पहिल्याला दुसऱ्याने भागल्यास दोन्ही बदल एकाच संख्येत दिसतात. स्लोव्हाकियातील रोमन झाहोरेत्स यांनी २००१ साली अतिदक्षता विभागातील रुग्णांवरील ताण मोजण्यासाठी न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागण्याची सूचना केली, आणि हे गुणोत्तर एनएलआर या संक्षेपाने ओळखले जाऊ लागले. निरोगी प्रौढांत ते साधारण १ ते ३ च्या दरम्यान असते. वर घेतलेल्या उदाहरणात ६,९१२ भागिले १,७२८ म्हणजे ४ येते.

त्याच रुग्णाच्या प्लेटलेट ३,२०,००० असतील तर प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट हे गुणोत्तर सुमारे १८५ येईल, आणि मोनोसाइट ६ टक्के म्हणजे ५७६ असतील तर लिम्फोसाइट भागिले मोनोसाइट हे गुणोत्तर ३ येईल; यातील पहिले जास्त असणे आणि दुसरे कमी असणे प्रतिकूल मानले जाते. शांघायमधील संशोधकांनी २०१४ साली यकृताच्या कर्करोगासाठी तिन्ही पेशी एकत्र करणारा निर्देशांक मांडला, ज्यात प्लेटलेट (हजारांत) गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट असे गणित असते. येथे ते ३२० गुणिले ४, म्हणजे १,२८० होते. पुढे तोही घशाच्या कर्करोगाला लावून पाहिला गेला.

गुणोत्तर सोयीचे असले तरी त्यात माहिती हरवते. एका रुग्णाच्या न्यूट्रोफिल ८,००० आणि लिम्फोसाइट २,००० आहेत, दुसऱ्याच्या ३,२०० आणि ८००. दोघांचेही गुणोत्तर ४ आहे. पहिल्याच्या बाबतीत दाह किंवा संसर्ग शोधायला हवा, तर दुसऱ्याच्या बाबतीत लिम्फोसाइट का घटल्या, म्हणजे कुपोषण आहे की आधीच्या उपचारांचा परिणाम आहे, हे पाहायला हवे. केवळ गुणोत्तर लिहून ठेवणाऱ्या अहवालातून हा फरक नाहीसा होतो, म्हणून मूळ संख्या नेहमी सोबत असाव्यात.

५. शंभर रुग्णांचे गणित

या गुणोत्तराचा आणि आयुर्मर्यादेचा संबंध किती पक्का आहे, याचे सर्वांत परिचित उत्तर २०१४ साली टोरंटो येथील संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात मिळते. त्यांनी निरनिराळ्या अवयवांच्या कर्करोगांवरील १०० अभ्यास आणि ४०,५५९ रुग्ण एकत्र घेतले; त्या अभ्यासांत वापरलेल्या सीमारेषांचे मध्यमूल्य ४ होते आणि सीमारेषेच्या वरच्या गटात मृत्यूचा धोका खालच्या गटाच्या १.८१ पट आढळला. मान व डोक्याच्या कर्करोगांपुरत्या केलेल्या नंतरच्या विश्लेषणांतही दिशा हीच दिसली.

१.८१ पट याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण येथेच बहुतेकांची घाबरगुंडी उडते. हा धोका कोणत्याही क्षणी हयात असलेल्यांपैकी किती जण दगावतात याच्या वेगाशी निगडित आहे. समजा, कमी गुणोत्तर असलेल्या १०० रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर ६० जण हयात असतात, आणि जास्त गुणोत्तर असलेल्या गटात धोका सर्व काळ १.८ पट राहतो. तर त्या दुसऱ्या गटातील १०० पैकी सुमारे ४० जण पाच वर्षांनंतर हयात असतील. साठ आणि चाळीस यांतला फरक लहान नाही, समूहाचा विचार करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या दृष्टीने तो मोठाच आहे. परंतु याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की 'चांगल्या' गटातले ४० जण दगावले आणि 'वाईट' गटातले ४० जण वाचले. एखाद्या व्यक्तीचे गुणोत्तर ४.५ आहे एवढ्यावरून ती वाचणाऱ्या चाळिसांत जाईल की दगावणाऱ्या साठांत हे कोणालाही सांगता येत नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर तो या आकड्याकडून त्याच्या कुवतीबाहेरचे वदवून घेत आहे.

घशाच्या कर्करोगात विषाणूचा मुद्दा येथे पुन्हा डोके वर काढतो. टोरंटोच्याच प्रिन्सेस मार्गारेट कर्करोग केंद्रातील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मुखग्रसनीच्या कर्करोगाच्या अभ्यासात विषाणूजन्य गटात न्यूट्रोफिल व मोनोसाइट जास्त असणे प्रतिकूल आणि लिम्फोसाइट जास्त असणे अनुकूल ठरले, परंतु विषाणूशी संबंध नसलेल्या गटात हा संबंध तितका स्पष्ट दिसला नाही. दोन्ही गट एकत्र मोजणाऱ्या अभ्यासातून निघालेला निष्कर्ष प्रत्येक गटाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, असा याचा अर्थ होतो.

सीमारेषेचा प्रश्न याहून कठीण आहे. कोणी २.५ ही सीमा धरतो, कोणी ३, कोणी ५. पुष्कळ अभ्यासांत आधी सर्व रुग्णांचे आकडे हाती घेऊन, ज्या मूल्यावर दोन गटांतील फरक सर्वाधिक दिसेल तेच मूल्य सीमा म्हणून निवडलेले असते. अशा निवडीमुळे योगायोगाने दिसणारा फरकही खरा वाटू लागतो, हा धोका ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डग्लस आल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ सालीच दाखवून दिला होता. असे अभ्यास कसे मांडावेत याची मार्गदर्शक तत्त्वेही २००५ साली प्रसिद्ध झाली. शिवाय चीनमधील किंवा युरोपातील रुग्णांवरून ठरलेली सीमा सांगली किंवा नांदेडच्या रुग्णाला लावण्यापूर्वी येथील रुग्णांवर ती पारखून घ्यायला हवी. आफ्रिकी वंशाच्या अनेक निरोगी व्यक्तींत न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात, यावरून वंशपरत्वे आकडे किती बदलतात हे दिसतेच. महाराष्ट्रात अशा पडताळणीसाठी लागणारी दीर्घकालीन नोंदीची परंपरा आहे: परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून रुग्णांवर उपचार करीत आहे, मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली.

६. आकडा केव्हा फसवतो

विहिरीतील पाण्याच्या पातळीवरून शिवारातील भूजलाचा अंदाज बांधता येतो, परंतु आदल्या रात्री पाऊस पडला असेल किंवा शेजारच्या विहिरीवरची मोटर दिवसभर चालू असेल तर ती पातळी भलतेच सांगते. रक्तातील पेशींचे असेच आहे, आणि भारतीय रुग्णाच्या बाबतीत तर अशी कारणे पावलोपावली भेटतात.

तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात किडलेले दात आणि पू झालेल्या हिरड्या पुष्कळदा असतात, आणि त्या संसर्गानेच न्यूट्रोफिल वाढतात. किरणोपचारापूर्वी असे दात काढून टाकण्याची पद्धत आहे, त्यामुळे दात काढण्याआधीचा आणि जखम भरल्यानंतरचा असे दोन अहवाल वेगळे असू शकतात. गिळण्याची क्रिया बिघडल्याने अन्नाचे कण श्वासनलिकेत जातात आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. श्वास घेता यावा म्हणून गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेली असेल तर त्या जखमेचाही परिणाम होतो. सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड दिले की काही तासांतच रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट घटतात, म्हणजे गाठीत काडीचाही बदल नसताना गुणोत्तर दुप्पट होऊ शकते. धूम्रपानाने पांढऱ्या पेशी वाढतात. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, तर लोहाच्या कमतरतेत त्या वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आहेत, हे लक्षात घेता वाढलेल्या प्लेटलेटचा संबंध लगेच गाठीशी जोडणे धाडसाचे ठरते. काही जणांच्या रक्तात नळीतील रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्या कमी मोजते. अशा वेळी काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच खात्री करावी लागते.

समजा, ९,६०० पांढऱ्या पेशी असलेल्या वरच्या रुग्णाला दाढेचा संसर्ग होता आणि तो बरा झाल्यावर दोन आठवड्यांनी एकूण पांढऱ्या पेशी ७,०००, न्यूट्रोफिल ६० टक्के आणि लिम्फोसाइट ३० टक्के आल्या, तर प्रत्यक्ष संख्या ४,२०० आणि २,१०० होऊन गुणोत्तर २ येईल. रुग्ण तोच, गाठ तीच, आणि अभ्यासातील वर्गवारीप्रमाणे तो 'प्रतिकूल' गटातून 'अनुकूल' गटात गेला.

७. हिमोग्लोबिनने शिकवलेला धडा

रक्तातला आकडा आणि रोगाचे भवितव्य यांचा संबंध असणे वेगळे आणि तो आकडा सुधारल्याने भवितव्य सुधारणे वेगळे, हा भेद या संपूर्ण विषयाचा गाभा आहे, आणि तो घशाच्या कर्करोगाच्या इतिहासाइतका स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसतो.

किरणोपचार, ज्याला अनेक रुग्ण 'शेक' म्हणतात, प्राणवायूच्या उपस्थितीत अधिक प्रभावी ठरतात. ब्रिटनमधील थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ साली दाखवले की गाठीत रक्तवाहिनीपासून दूर असलेल्या पेशींना प्राणवायू पोहोचत नाही. अशा पेशी मारण्यासाठी अडीच ते तीन पट किरणमात्रा लागते. किरणोपचार घेणाऱ्या घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांत हिमोग्लोबिन कमी असेल तर गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक असते, हेही वारंवार दिसून आले होते. या दोन गोष्टी जोडून निघणारा निष्कर्ष इतका सरळ होता की त्यावर शंका घेणे अवघड होते: हिमोग्लोबिन वाढवा, गाठीला प्राणवायू मिळेल, किरण अधिक परिणाम करतील, रुग्ण बरा होईल.

तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक औषध म्हणून उपलब्ध झाल्यावर ही कल्पना तपासली गेली. २००३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मान व डोक्याच्या कर्करोगाचे, रक्तक्षय असलेले ३५१ रुग्ण होते. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने काहींना औषध आणि काहींना निष्क्रिय द्रव्य देण्यात आले. औषध घेणाऱ्यांपैकी ८२ टक्के रुग्णांचे हिमोग्लोबिन ठरवलेल्या पातळीवर पोहोचले, तर दुसऱ्या गटात केवळ १५ टक्क्यांचे. आकडा सुधारला, परंतु ज्यांना औषध मिळाले त्यांच्यात गाठ वाढणे आणि मृत्यू यांचे प्रमाण अधिक निघाले. डेन्मार्कमधील अशाच एका चाचणीत मधल्या टप्प्यावरच औषधाच्या गटाची स्थिती वाईट दिसल्याने २००६ साली ती थांबवावी लागली, आणि तेथेच झालेल्या आणखी दोन चाचण्यांत किरणोपचारापूर्वी रक्त चढवूनही निकाल सुधारला नाही. टँकरने विहिरीत पाणी ओतले म्हणून भूजल वाढत नाही, आणि येथे तर ओतलेले पाणी अपायकारकही ठरले.

याचा अर्थ रक्तक्षयावर उपचार करू नयेत असा मुळीच नाही. थकवा, धाप आणि शस्त्रक्रियेतील रक्तस्राव यांसाठी त्यावर उपचार करावेच लागतात. परंतु ते रुग्णाच्या त्रासासाठी असतात, गाठीवर विजय मिळवण्याच्या आशेने नव्हे. याच विषयात डेन्मार्कने दुसऱ्या वाटेने यश मिळवले: प्राणवायू न पोहोचणाऱ्या पेशींना किरणांपुढे दुबळे करणारे निमोराझोल हे औषध १९८६ ते १९९० या काळात तेथील चाचणीत तपासले गेले आणि ग्रसनी व स्वरयंत्राच्या वरच्या भागातील गाठींवर नियंत्रण मिळवण्यात त्याचा उपयोग दिसला. आकड्यामागचे कारण हाताळल्याने फळ मिळाले. सर्वांत स्वस्त उपाय मात्र रुग्णाच्या हाती असतो, कारण किरणोपचार चालू असताना धूम्रपान करीत राहणाऱ्यांत उपचारांचा परिणाम कमी होतो हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. विडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटून बसतो, त्यामुळे अहवालात १३ दिसणारे हिमोग्लोबिन प्रत्यक्षात तेवढा प्राणवायू वाहून नेत नाही.

८. उपचार चालू असताना काय घडते

घशाच्या कर्करोगासाठी प्रचलित किरणमात्रा ७० ग्रे असून ती रोज २ ग्रे याप्रमाणे ३५ बैठकांत, सुमारे सात आठवड्यांत दिली जाते. लिम्फोसाइट या किरणांना सर्वाधिक नाजूक असलेल्या पेशींपैकी आहेत, आणि मानेतून मेंदूकडे जाणारे व परत येणारे रक्त प्रत्येक बैठकीत किरणांच्या मार्गातून वाहते, शिवाय मानेतील लसिका ग्रंथीही त्याच क्षेत्रात येतात. त्यामुळे उपचारांच्या उत्तरार्धात अनेक रुग्णांच्या लिम्फोसाइट ५०० च्याही खाली जातात आणि पूर्ववत होण्यास बरेच महिने लागतात. या काळात काढलेले गुणोत्तर उपचारांपूर्वीच्या गुणोत्तराशी ताडून पाहून नातेवाइकांनी हबकून जाण्याचे कारण नाही. तो आकडा गाठीपेक्षा उपचारांचा असतो. प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे वापरात आल्यापासून मात्र या घसरणीकडे संशोधक नव्याने पाहू लागले आहेत, कारण ती औषधे लिम्फोसाइटच्या जोरावरच काम करतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बरा न होऊ शकणाऱ्या मान व डोक्याच्या कर्करोगात तोंडावाटे घ्यायच्या औषधांच्या जोडीला निवोलुमॅब हे औषध केवळ २० मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत दर तीन आठवड्यांनी दिल्यावर एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. अनेक प्रकारच्या कर्करोगांत असेही दिसले आहे की उपचारापूर्वी न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर जास्त असलेल्यांना या वर्गातील औषधांचा लाभ तुलनेने कमी होतो. परंतु तेवढ्यावरून कोणाला औषध नाकारावे, अशी आजची प्रथा नाही.

९. अहवाल हातात आल्यावर

आजाराचा टप्पा ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत यांपैकी एकाही गुणोत्तराचा समावेश नाही आणि त्यावरून शस्त्रक्रिया करावी की किरणोपचार द्यावेत हेही ठरवले जात नाही. तरीही वाढलेले गुणोत्तर दुर्लक्षून चालत नाही, कारण त्याच्या कारणांपैकी काही दुरुस्त करता येतात. तोंडात किंवा छातीत संसर्ग आहे का, गेल्या तीन महिन्यांत वजन किती घटले, अल्ब्युमिन किती आहे, स्टेरॉइड चालू आहे का, लोह कमी आहे की साठ्यात अडकले आहे, हे प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखे आहेत. वजन झपाट्याने घटत असेल तर नाकातून किंवा थेट पोटात नळी घालून अन्न देण्याचा निर्णय लांबवू नये. अनेक घरांत ही नळी म्हणजे शेवटची पायरी असा समज असतो आणि त्यापायी उपचारांचे पहिले तीन आठवडे वाया जातात, हे फार दुःखद आहे, कारण ती नळी बहुतेकदा तात्पुरती असते आणि सात आठवड्यांचे उपचार खंड न पडता पूर्ण होणे हे गाठीवरील नियंत्रणासाठी अत्यंत महत्त्वाचे असते.

उपचार संपल्यानंतर आजार उलटला आहे का हे सीबीसीवरून ओळखता येत नाही. त्यासाठी घशात दुर्बीण घालून केलेली तपासणी, मानेची हाताने केलेली चाचपणी आणि गरजेनुसार स्कॅन हेच मार्ग आहेत. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी आणि पुढे हळूहळू अंतर वाढवत ही तपासणी पाच वर्षे चालू ठेवतात, आणि मधल्या काळात आवाजातील घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा गिळताना नव्याने दुखू लागले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे लागते. या काळात एक रक्ततपासणी मात्र खरोखर आवश्यक असते आणि ती सहजी विसरली जाते. मानेवर किरण घेतलेल्यांत थायरॉइड ग्रंथी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मंदावू शकते, आणि त्यातून येणारा थकवा, सुस्ती व वाढणारे वजन यांचे खापर आधीच्या आजारावर फोडले जाते. दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही चाचणी केल्यास ते वेळीच कळते आणि रोजच्या एका गोळीने भरून काढता येते.